राष्ट्रपतिपदाचे तीन उमेदवार

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्मरणिकेत जमाखर्च, गुणवंत विद्यार्थ्यांची नामावली आणि देणगीदारांची यादी यांच्या जोडीने इतिहासविषयक एखादा लेख छापण्याचा प्रघात आहे. यंदा ते काम संपादक मंडळाने माझ्याकडे सोपविले, तेव्हा विषयाची निवड मी हेतुपुरस्सर केली. संस्थेच्या नूतन अध्यक्षांची निवडणूक जवळ आली आहे. कोणास मत द्यावे हे सांगण्याचा मला अधिकार नाही व तशी इच्छाही नाही. परंतु उमेदवाराची योग्यता कशावरून पारखावी, हा प्रश्न जसा लहान संस्थेपुढे येतो तसाच तो राष्ट्रापुढेही येतो. आपल्या देशाच्या इतिहासात तो प्रश्न सर्वांत तीव्र स्वरूपात उभा राहिला तो १९६९ साली, राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत. त्या वेळचे तीन प्रमुख उमेदवार, त्यांचे पूर्वचरित्र आणि पुढे घडलेल्या घटना यांचा विचार केल्यास या प्रश्नावर पुष्कळ प्रकाश पडतो.

शाळेत नागरिकशास्त्र शिकविताना राष्ट्रपतिपदाच्या अटी मुलांकडून पाठ करून घ्याव्या लागत. उमेदवार भारताचा नागरिक असावा, त्याने वयाची ३५ वर्षे पूर्ण केलेली असावीत, लोकसभेचा सदस्य होण्यास तो पात्र असावा आणि शासनाकडील लाभाचे पद त्याच्याकडे नसावे. मुले हे चार मुद्दे लिहीत व पूर्ण गुण मिळवीत. परंतु या चारही अटी पुऱ्या करणारी माणसे देशात कोट्यवधी सापडतील. कायदा सांगतो ती पात्रता होय. योग्यता ही निराळी गोष्ट आहे आणि ती ठरविण्याचे काम संविधानाने मतदारांच्या विवेकावर सोडले आहे.

योग्यता ठरवावयाची तर त्या पदाचे काम काय, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. आपल्याकडे राज्यकारभार मंत्रिमंडळ चालविते. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतो. १९६९ साली हे तत्त्व संकेताने रूढ होते. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ते स्पष्ट शब्दांत लिहिले गेले आणि १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने राष्ट्रपतीस सल्ला फेरविचारार्थ एकवार परत पाठविण्याची मुभा मिळाली. मग असा प्रश्न उत्पन्न होतो की, जेथे दुसऱ्याच्या सल्ल्यानेच वागावयाचे तेथे माणूस कसा आहे याने काय बिघडते? याचे उत्तर शपथेत आहे. राष्ट्रपतीची शपथ संविधानाचे जतन व संरक्षण करण्याची असते. वटहुकूम असो, एखाद्या राज्यातील मंत्रिमंडळ दूर करण्याची उद्घोषणा असो, वा लोकसभेचे विसर्जन असो, कागदावर सही त्याची पडते. सही करण्यापूर्वी प्रश्न विचारणे, शंका काढणे, कागद परत पाठविणे एवढेच त्याच्या हाती असते. सत्ता अशी अल्प असते म्हणूनच ती वापरणाऱ्याचा स्वभाव व मनोधैर्य यांना महत्त्व येते.

आता १९६९ च्या प्रसंगाकडे वळू. ३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांचे निधन झाले. पदावर असताना कालवश झालेले ते पहिले राष्ट्रपती होत. संविधानाप्रमाणे सहा महिन्यांच्या आत नवी निवडणूक घेणे प्राप्त होते. तोपर्यंत उपराष्ट्रपती वराहगिरी व्यंकटगिरी हे कार्यवाहक राष्ट्रपती झाले. यापूर्वी १९५२, १९५७, १९६२ व १९६७ अशा चार निवडणुका झाल्या होत्या व चारही वेळा काँग्रेस पक्षाचा उमेदवार निवडून आला होता. परंतु १९६७ च्या सार्वत्रिक निवडणुकीत अनेक राज्यांतील काँग्रेसची सत्ता गेली होती, लोकसभेतील तिचे बहुमत घटले होते आणि खुद्द पक्षात दोन तट पडले होते. एका बाजूस पंतप्रधान इंदिरा गांधी. दुसऱ्या बाजूस पक्षाध्यक्ष निजलिंगप्पा, कामराज, अतुल्य घोष, मुंबईचे स. का. पाटील इत्यादी ज्येष्ठ पुढारी, ज्यांना वृत्तपत्रे ‘सिंडिकेट’ म्हणत.

जुलै महिन्यात बंगलोर येथे पक्षाच्या संसदीय मंडळाची बैठक झाली. पंतप्रधानांची इच्छा निराळी असताना मंडळाने बहुमताने लोकसभेचे सभापती नीलम संजीव रेड्डी यांचे नाव निश्चित केले. आपले यशवंतराव चव्हाण यांनीही त्या बैठकीत रेड्डींच्या बाजूने मत दिले होते. पुढील घटना अत्यंत वेगाने घडल्या. १६ जुलै रोजी मोरारजी देसाई यांच्याकडील अर्थखाते काढून घेण्यात आले. १९ जुलै रोजी १४ मोठ्या बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला. त्यावर सही होती कार्यवाहक राष्ट्रपती गिरी यांची. संसदेचे अधिवेशन दोनच दिवसांनी, २१ जुलै रोजी सुरू व्हावयाचे होते. २० जुलै रोजी गिरी यांनी पदत्याग केला व अपक्ष उमेदवार म्हणून निवडणूक लढविण्याचे ठरविले. राष्ट्रपतीही नाही आणि उपराष्ट्रपतीही नाही, अशी अपूर्व स्थिती आल्यामुळे नुकत्याच झालेल्या कायद्यानुसार सरन्यायाधीश महंमद हिदायतुल्ला यांनी राष्ट्रपतिपदाचे काम पाहिले. हिदायतुल्ला यांचे पूर्वायुष्य नागपूरच्या न्यायालयात गेले होते, हे वैदर्भीय वाचकांस स्मरत असेल.

एकंदर १५ उमेदवार उभे राहिले. तथापि खरी स्पर्धा तिघांत होती. गिरी, रेड्डी आणि स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांनी पुढे केलेले चिंतामणराव द्वारकानाथ देशमुख. या तिघांच्या चरित्रांत एक विलक्षण साम्य होते, ज्याची चर्चा त्या धामधुमीत फारशी झाली नाही. तिघांनीही पूर्वी एकेकदा मोठे अधिकारपद स्वतः होऊन सोडले होते. ते का व कसे सोडले, हे पाहिल्यास प्रत्येकाच्या स्वभावाचा ठाव लागतो.

गिरी यांचा जन्म १८९४ साली बऱ्हाणपूर या नावाशी साम्य असलेल्या, परंतु पूर्व किनाऱ्यालगतच्या बरहामपूर गावी झाला. कायद्याच्या अभ्यासासाठी ते आयर्लंडमध्ये डब्लिनला गेले. तेथील स्वातंत्र्य चळवळीशी त्यांचा संबंध आला आणि १९१६ साली त्यांना तो देश सोडावा लागला. स्वदेशी परतल्यावर त्यांनी रेल्वे कामगारांच्या संघटना बांधण्यात आयुष्याची उमेदीची वर्षे घालविली. १९३७ साली ते मद्रास प्रांतात राजाजींच्या मंत्रिमंडळात व १९५२ साली केंद्रात मजूरमंत्री झाले. १९५४ साली बँक कर्मचाऱ्यांच्या वेतनाविषयी अपील न्यायाधिकरणाने दिलेला निवाडा सरकारने बदलला. लवादाचा निर्णय मान्य करावयाचा असे कामगारांना सांगावयाचे आणि तो गैरसोयीचा ठरताच सरकारने स्वतःच मोडावयाचा, ही गोष्ट त्यांना पटली नाही. त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्या वेळी अर्थखाते देशमुख यांच्याकडे होते, हा योगायोग मोठा बोलका आहे. पुढे गिरी उत्तर प्रदेश, केरळ व म्हैसूर या राज्यांचे राज्यपाल झाले व १९६७ साली उपराष्ट्रपती झाले.

चिंतामणराव देशमुख यांचा परिचय महाराष्ट्रीय वाचकांस करून द्यावयास नको. १८९६ साली रायगडाच्या परिसरातील नाते या गावी जन्म, मॅट्रिकच्या परीक्षेत पहिला क्रमांक व संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, केंब्रिजचे शिक्षण, आय. सी. एस. परीक्षेतील उज्ज्वल यश. मध्यप्रांत व वऱ्हाडात सेवा. आणि १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. १९५० ते १९५६ या काळात ते देशाचे अर्थमंत्री होते. इंपीरियल बँकेचे स्टेट बँकेत रूपांतर १९५५ साली झाले व आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण १९५६ च्या आरंभी झाले, ती दोन्ही कामे त्यांच्याच कारकिर्दीतील होत. १९५२ साली ते कुलाबा जिल्ह्यातून लोकसभेवर निवडून गेले होते. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी काढण्याचे जेव्हा ठरले, तेव्हा १९५६ च्या जुलै महिन्यात त्यांनी राजीनामा देऊन लोकसभेत आपली भूमिका मांडली. मुंबईतील गोळीबाराची चौकशी न करणे आणि इतका गंभीर निर्णय मंत्रिमंडळात रीतसर विचार न होता जाहीर होणे, यांवर त्यांनी बोट ठेवले. राजीनाम्यानंतर त्यांनी राजकीय पक्ष काढला नाही. विश्वविद्यालय अनुदान आयोग आणि दिल्ली विद्यापीठ यांच्या कामात ते रमले.

नीलम संजीव रेड्डी यांचा जन्म १९१३ चा, अनंतपूर जिल्ह्यातील. १९५६ साली भाषावार आंध्र प्रदेश निर्माण झाला तेव्हा त्याचे पहिले मुख्यमंत्री तेच. १९६० साली ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले व १९६२ साली पुन्हा मुख्यमंत्रिपदी आले. कर्नूल जिल्ह्यातील बसमार्ग सरकारी ताब्यात घेण्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रतिकूल मत नोंदविले, तेव्हा १९६४ साली त्यांनी पद सोडले. येथे सोडण्याचे कारण गिरी व देशमुख यांच्यापेक्षा भिन्न आहे, हे खरे. त्या दोघांनी दुसऱ्याच्या निर्णयाशी मतभेद झाला म्हणून पद सोडले. रेड्डी यांच्या स्वतःच्या कारभारावर ठपका आला होता. तथापि ठपका येऊनही खुर्चीस चिकटून राहणारे आपण कमी पाहिले आहेत असे नाही. १९६७ साली लोकसभेचे सभापती झाल्यावर, सभापती पक्षातीत असावा म्हणून, त्यांनी काँग्रेसचे सदस्यत्व सोडले. दोन वर्षांनी त्याच पक्षाने त्यांना उमेदवार केले आणि त्यांनी सभापतिपदाचा राजीनामा दिला.

अशी ही तीन माणसे. अनुभव, विद्या व देशसेवा यांत कोणी उणे नव्हते. मतदार म्हणजे संसदेचे व विधानसभांचे निर्वाचित सदस्य. त्यांच्यापुढे योग्यतेचा प्रश्न आला असता तर त्यांना तिघांची चरित्रे तोलून पाहावी लागली असती. परंतु प्रश्न आला तो वेगळाच : हा कोणाचा माणूस? रेड्डी राष्ट्रपती झाले तर ते पंतप्रधानांना पदच्युत करण्यास ज्येष्ठ पुढाऱ्यांना साहाय्य करतील, अशी एका गोटास भीती. गिरी निवडून आले तर पंतप्रधानांचा पक्षावर निरंकुश ताबा बसेल, अशी दुसऱ्या गोटास भीती. रेड्डी यांच्या उमेदवारीच्या अर्जावर पंतप्रधानांची सही होती, तरी त्यांचे मन तिकडे नाही हे सर्वांस ठाऊक होते. निजलिंगप्पा यांनी स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांच्या पुढाऱ्यांची भेट घेऊन त्यांची दुसऱ्या पसंतीची मते रेड्डींसाठी मागितली. त्यावर जगजीवनराम व फक्रुद्दीन अली अहमद यांनी जाब विचारला व मतदानाचे स्वातंत्र्य मागितले. अखेर पंतप्रधानांनी सदस्यांना आपापल्या सद्सद्विवेकबुद्धीप्रमाणे मत देण्यास सांगितले. डावे पक्ष, द्रमुक, अकाली दल आदींचा पाठिंबा गिरींना मिळालाच होता.

सद्सद्विवेकबुद्धीने मत द्यावे, हे तत्त्व निर्दोष आहे. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत पक्षादेश चालत नाही व मतदान गुप्त असते, ते याच हेतूने. परंतु ज्यांनी हे तत्त्व सांगितले त्यांना विशिष्ट निकाल हवा होता आणि ज्यांनी त्यास बेशिस्त म्हटले त्यांनाही विशिष्ट निकालच हवा होता. विवेकाचे नाव दोन्ही बाजूंनी घेतले गेले. उमेदवारांच्या गुणांची चिकित्सा मात्र मागे पडली. उलट, रेड्डी यांची निंदा करणारे एक निनावी पत्रक वाटण्यात आले. गुणांवर वाद न घालता चारित्र्यावर चिखल टाकणे सोपे असते, हा अनुभव लहानथोर सर्व निवडणुकांत येतो.

१६ ऑगस्ट १९६९ रोजी मतदान झाले व २० ऑगस्ट रोजी मोजणी झाली. या निवडणुकीत मतदार उमेदवारांना १, २, ३ असा पसंतिक्रम देतो आणि प्रत्येक मताचे मूल्य लोकसंख्येच्या हिशेबाने ठरलेले असते. वैध मतांचे एकूण मूल्य ८,३६,३३७ भरले. विजयासाठी ४,१८,१६९ आवश्यक होते. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ व देशमुखांना १,१२,७६९ मते पडली. कोणासही बहुमत नाही! तेव्हा मागे पडलेल्या उमेदवारांची दुसऱ्या पसंतीची मते मोजावी लागली. शेवटी गिरी ४,२०,०७७ व रेड्डी ४,०५,४२७ असा निकाल लागला. अंतर अवघे १४,६५०. दुसरी पसंती मोजूनच निकाल लागलेली आजवरची ही एकमेव राष्ट्रपती-निवडणूक होय. २४ ऑगस्ट रोजी गिरी यांनी शपथ घेतली. नोव्हेंबरात काँग्रेस पक्ष दुभंगला.

निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अर्ज दाखल झाले. त्या निनावी पत्रकाचा प्रश्न तेथे प्रामुख्याने निघाला. राष्ट्रपती गिरी स्वतः न्यायालयात साक्षीदार म्हणून उपस्थित राहिले. पदावरील राष्ट्रपतीने न्यायालयापुढे येऊन साक्ष द्यावी, ही घटना कायद्यापुढील समानतेचे उदाहरण म्हणून मुलांस सांगण्यासारखी आहे. १९७० साली न्यायालयाने अर्ज फेटाळले.

यापुढील इतिहास अधिक उद्बोधक आहे. ज्या गिरींनी १९५४ साली निवाड्याच्या पावित्र्यासाठी मंत्रिपद सोडले, ते राष्ट्रपती म्हणून कसे वागले? १९७० च्या सप्टेंबरात संस्थानिकांचे तनखे रद्द करण्याचे घटनादुरुस्ती विधेयक राज्यसभेत आवश्यक बहुमत न मिळाल्याने पडले. लागलीच संस्थानिकांची मान्यता काढून घेणारा आदेश राष्ट्रपतींच्या सहीने निघाला. डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. तनखे जावेत की राहावेत, हा प्रश्न येथे नाही. संसदेत जे साधले नाही ते सहीने साधावे काय, हा आहे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लागली. मुख्यमंत्री चरणसिंग यांचा विधानसभेत पराभव झालेला नव्हता. राष्ट्रपती त्या वेळी सोव्हिएत रशियाच्या दौऱ्यावर होते आणि उद्घोषणेवर त्यांची सही किएव्ह शहरी झाली. १९७४ च्या मे महिन्यात रेल्वे कामगारांचा देशव्यापी संप सरकारने कठोरपणे मोडून काढला, तेव्हा राष्ट्रपतिपदी रेल्वे कामगारांचे हे जुने पुढारी होते.

गिरी यांच्यानंतर फक्रुद्दीन अली अहमद राष्ट्रपती झाले. १९६९ साली मतदानाचे स्वातंत्र्य मागणारे हेच गृहस्थ. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीच्या उद्घोषणेवर त्यांनी सही केली, तेव्हा मंत्रिमंडळाने तो विषय पाहिलेलाही नव्हता. मंत्रिमंडळाची संमती दुसऱ्या दिवशी सकाळी घेण्यात आली. एक प्रश्न विचारावा, एवढेही त्या रात्री झाले नाही.

पराभवानंतर रेड्डी गावी जाऊन शेती पाहू लागले. १९७७ च्या निवडणुकीत आंध्रातून जनता पक्षाचे ते एकटेच निवडून आले, पुन्हा सभापती झाले आणि त्याच वर्षी राष्ट्रपतिपदी बिनविरोध निवडले गेले. १९६९ साली ज्यांनी त्यांस विरोध केला त्यांनीही आता त्यांस मान्यता दिली. परंतु त्यांची कारकीर्दही वादातीत नाही. १९७९ साली मोरारजी देसाई यांचे सरकार पडल्यावर रेड्डींनी चरणसिंग यांस पाचारण केले. चरणसिंग यांनी लोकसभेस सामोरे न जाताच २० ऑगस्टला राजीनामा दिला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींनी लोकसभा विसर्जित केली. जगजीवनराम यांस संधी द्यावयास हवी होती, असे अनेकांचे मत पडले. रेड्डी कोणाच्या हातचे बाहुले नव्हते, हे यातून दिसते. पण स्वतंत्र वृत्तीचा माणूस वादग्रस्त निर्णय घेऊ शकतो, हेही दिसते. देशमुख यांना पुन्हा तशी संधी आली नाही. १९७५ साली त्यांस पद्मविभूषण मिळाले व २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले.

मग तिघांत अधिक योग्य कोण? माझा कौल देशमुखांकडे जातो. ते मराठी होते म्हणून नव्हे. आपल्या प्रदेशाचा वा भाषेचा माणूस म्हणून मत देणे आणि आपल्या गटाचा म्हणून देणे, यांत तत्त्वतः भेद नाही. माझे कारण असे की, सही करण्यापूर्वी कागद वाचणे व विचारणे हा त्यांच्या जन्माचा अभ्यास होता. निर्णय कोणता झाला याइतकेच तो कोणत्या रीतीने झाला हे त्यांस महत्त्वाचे वाटे. १९५६ च्या त्यांच्या राजीनाम्यातील मुख्य तक्रार मुंबईची होती तशीच रीतीचीही होती आणि राष्ट्रपतीचे काम तर रीत सांभाळण्याचेच आहे. याविरुद्ध आक्षेप घेता येतात. त्यांचे वय ७३ होते. परंतु गिरींनी तर ७५ पूर्ण केली होती. लोकसभेत कोणाचेच बहुमत नसेल तेव्हा पक्षांच्या डावपेचांची जाण लागते. ती रेड्डींना अधिक होती, हे मान्य केले पाहिजे. शिवाय ज्यांनी त्यांस उभे केले त्या स्वतंत्र पक्षाचा सरकारीकरणास विरोध, तर देशमुखांनी स्वतः स्टेट बँक व आयुर्विमा यांचे काम केलेले. म्हणजे पाठिराख्यांनीही त्यांची निवड त्यांच्या कार्यामुळेच केली असे म्हणवत नाही; त्यांची मते बहुतांशी दुसऱ्या पसंतीने रेड्डींकडे जावयाची होती. ते निवडून आले असते तर कसे वागले असते हे कोणी सांगू शकत नाही. इतिहास केवळ त्यांनी काय केले होते एवढेच सांगतो.

या सर्वांतून योग्यतेच्या दोन कसोट्या निघतात. पहिली : उमेदवाराने पूर्वीचे पद कसे सांभाळले आणि प्रसंगी कसे सोडले? पद मिळविण्यासाठी सर्वच झटतात. तेथे माणूस कळत नाही. तत्त्व आणि खुर्ची यांत निवड करण्याची वेळ आली तेव्हा त्याने काय निवडले, यावरून तो कळतो. दुसरी : तो कोणाच्या उपकाराने त्या पदावर येत आहे? गिरी पहिल्या कसोटीस उत्तम उतरले होते. परंतु एका गटाने जीव तोडून, थोडक्या मतांनी त्यांस निवडून आणले आणि त्या गटाच्या कागदांवर त्यांची सही अडली नाही. केवळ उपकारामुळेच असे घडले असे मी म्हणत नाही. पण उपकाराचे ओझे असताना नाही म्हणणे फार कठीण जाते. याच्या उलट उदाहरण पाहावे. १९९७ साली के. आर. नारायणन हे जवळजवळ सर्व पक्षांच्या पाठिंब्याने, शेषन यांचा ९,५६,२९० विरुद्ध ५०,६३१ अशा मतांनी पराभव करून राष्ट्रपती झाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट आणण्याचा सल्ला मंत्रिमंडळाने दिला. नारायणन यांनी तो फेरविचारार्थ परत पाठविला आणि मंत्रिमंडळाने आग्रह सोडला. राज्य तेच, महिनाही तोच. १९७० साली सही परदेशात झाली आणि १९९७ साली कागद दिल्लीतून परत गेला. संविधानातील राष्ट्रपतीचे स्थान तेच होते. त्या स्थानी बसलेला माणूस आणि तेथवर येण्याची त्याची वाट भिन्न होती.

आपली संस्था लहान आहे. तिच्या अध्यक्षाच्या सहीने लोकसभा विसर्जित होत नाही. परंतु वसतिगृहाच्या जागेचा करार, विद्यार्थी साहाय्य निधीतील रक्कम, विवाह सभागृहाच्या बांधकामाचा ठराव हे कागद त्याच्यापुढेच येतात आणि पुष्कळदा ते आधीच तयार करून आणलेले असतात. कोणा गरीब घरच्या मुलाचे वर्षाचे शिक्षण त्या सहीवर अवलंबून असते. तेव्हा येत्या सभेस जाताना, उमेदवार आपल्या गावचा आहे का, आपल्या सोयऱ्यांतला आहे का, कोणत्या गटाने त्यास उभे केले आहे, एवढेच विचारून थांबू नये. त्याने आजवर जी जबाबदारी घेतली ती कशी पार पाडली, हिशेब कसे दिले, मतभेद झाला तेव्हा तो कसा वागला, आणि निवडून आणणाऱ्यांना ‘थांबा, हा कागद मी वाचतो’ असे म्हणण्याचे धैर्य त्याच्या अंगी आहे का, हेही पाहावे. निवड झाल्यावर ज्यांचा उमेदवार पडला त्यांनी रुसून सभा सोडू नये व ज्यांचा आला त्यांनी त्यावर आपला हक्क सांगू नये. निवडलेला अध्यक्ष सर्व कुटुंबांचा असतो, हे दोन्ही बाजूंनी मानले तरच त्याला आपले काम निर्भयपणे करता येईल.